माझ्या पोटातल्या चार रेघा

मी भट्टी. कुंभाराची. बदलापूरला कात्रपमध्ये दोन नव्या बिल्डिंगांच्या मधे मी आहे. कमरेएवढी गोल भिंत, वर आभाळ आणि पोटात राख. परवा एक बाई मला पडकी विहीर समजून मुलावर ओरडली, "वाकू नकोस, पडशील!" मुलाने वाकून पाहिलंच. "आई, पाणी नाहीये यात. नुसती राख आहे."

पूर्वी आम्ही इथे तिघी होतो. एकीच्या जागी आता रिक्षा उभ्या राहतात, दुसरीच्या जागी पाण्याची टाकी आहे. मी उरले ती भगवंत कुंभारामुळे. खरं सांगायचं तर त्याच्या बायकोमुळे, सगुणाबाईमुळे.

पावसाळा संपला की माझ्या आतल्या भिंतीला भेगा पडलेल्या असत. दसऱ्याआधी सगुणाबाई माती, शेण आणि भाताचा तूस कालवून मला आतून लिंपायची. हातानेच. तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी मोडलं होतं, ते नीट टेकायचं नाही. म्हणून तिने हात फिरवला की तीन रेघा ठळक उमटत आणि एक पुसट. मग भगवंत माझ्यात कच्ची मडकी रचायचा, गोवऱ्या आणि पेंढा भरायचा आणि विस्तव लावायचा. मडक्यांबरोबर त्या रेघाही भाजून पक्क्या व्हायच्या.

सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्याला तिने मला शेवटचं लिंपलं. शिमग्याच्या आत ती गेली.

पुढच्या दसऱ्याला सून वेणू मातीचं घमेलं घेऊन आली, तर भगवंत आडवा उभा राहिला.

"आत हात लावायचा नाही."

"अहो मामा, केवढ्या भेगा पडल्यात."

"पडू देत."

का, ते मला माहीत होतं. त्या चार रेघांवर माती पडलेली त्याला बघवणार नव्हती. मलाही त्या हव्याच होत्या. पण भेगांतून माझी धग बाहेर जायला लागली. मडकी वरून लाल दिसायची, आतून कच्ची राहायची. बोटाने वाजवली तर खणखणायची नाहीत, बद्द आवाज यायचा. दोन वर्षं असंच चाललं.

एक दिवस उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या मोहिनीबाई रिक्षातून थेट अंगणात आल्या. वीस वर्षांचं जुनं सिंधी गिऱ्हाईक. हातात बूड नसलेला माठ.

"भगवंत, ये मटका है के छलनी? पानी भरा और तला ही निकल गया! पूरा किचन धुल गया मेरा!" मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "भाभी थी तब ऐसा माल नहीं आता था."

भगवंताने तो माठ त्यांच्या हातातून काढून घेतला. त्याचा मुलगा कमळाकर अंबरनाथला कंपनीत होता. तो संध्याकाळी म्हणाला, "बाबा, आता बास. या संक्रांतीची सुगडंही कच्ची निघाली, तर भट्टी पाडून मी खोली काढणार. वरून बिल्डिंगवाल्यांची रोजची कटकट, धुराने कपडे काळे होतात म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत माझ्या पोटात उतरला आणि त्या रेघांवर तळवा ठेवून उभा राहिला. वेणू घमेलं घेऊन माझ्या काठावर बसली.

"मामा, एक विचारू? आई दरवर्षी लिंपायच्या, तेव्हा आदल्या वर्षीचे हात जपून ठेवायच्या?"

वेणूने घमेलं त्याच्याकडे सरकवलं.

"स्वतःच्याच हातांवर माती थापायच्या ना? भट्टी टिकावी म्हणून."

भगवंताने रेघांवरचा तळवा काढला. राख त्याच्या घोट्यापर्यंत आली होती. मग त्याने स्वतःच घमेल्यातून एक गोळा उचलला आणि झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसा त्या चार रेघांवर हलकेच लिंपला.

"घे," तो बाजूला होत म्हणाला. "पण गुळगुळीत करू नकोस. बोटं उमटू देत."

त्या संक्रांतीची सुगडं अशी खणखणीत निघाली की मला माझाच अभिमान वाटला. धुरावरून सगळ्यात जास्त भांडणाऱ्या कुंदाताईच पहिल्या आल्या. प्रत्येक सुगड कानाशी धरून वाजवलं, पाच निवडली आणि जाता जाता म्हणाल्या, "धूर तेवढा त्या बाजूला सोडत जा हं." धूर त्या बाजूला कसा सोडायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर चार वर्षं मी पेटत राहिले. भगवंताने वेणूला सुगडं घडवायला शिकवलं. मोठा माठ तिला जमत नाही. चौऱ्याण्णव साली भगवंतही गेला, आणि तेव्हापासून माझ्यात विस्तव पडलेला नाही.

आता माझ्याशेजारी कमळाकरने खोलीसाठी विटा आणून रचल्या आहेत. तरी या दसऱ्याला वेणूने मला लिंपलं. तो म्हणाला, "पेटवायची नाही, तर लिंपतेस कशाला?"

"दसरा आला म्हणून," ती म्हणाली.

तिची बोटं माझ्या भिंतीवर स्वच्छ उमटली आहेत. पण ती कच्ची आहेत. धग मिळाली नाही, तर पावसाळ्यात वाहून जातील. सगुणाबाईच्या रेघा आत खोल, पक्क्या आहेत. त्यांची मला काळजी नाही. मला ही बोटं राखायची आहेत.

तुमच्या घरी संक्रांतीला सुगडं लागतात ना? मग बाजारात जाण्याआधी एकदा या अंगणात या आणि नुसतं विचारा, "वेणूताई, यंदा भट्टी लावणार का?" ती नाही म्हणणार नाही. माझ्यामागच्या कोपऱ्यात तिने गोवऱ्या रचून वर प्लास्टिक घातलं आहे. कमळाकरला ते माहीत नाही. मी पाहिलं आहे.