दारात घातलेली खुर्ची

मी एक खुर्ची आहे. लाल प्लास्टिकची, पाठीला जाळी असलेली, मंडपवाले टेम्पोत एकीवर एक रचून नेतात त्यातली. माझ्यासारखीवर तुम्ही शेकडो वेळा बसला असाल आणि एकदाही वळून बघितलं नसेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही मला बघितलं नाही म्हणून मीही तुम्हाला बघितलं नाही, असं मात्र समजू नका. उभा माणूस जरा तोलून मापून बोलतो. बसला की सुटतो, आणि मला तो बसलेलाच भेटतो.

माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'कल्याण मंडप' असं लिहिलेलं आहे, आता निम्मं पुसलंय. रामहरीच्या लग्नात मी या घरी आले ती परत गेलेच नाही. आमचं घर शनिशिंगणापूरच्या शिवारात, घोडेगावच्या रस्त्याला. इथल्या घरांना दारं नसतात, कारण इथं चोरी होत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाला कल्याण खुर्च्या मोजत होता आणि एक कमी भरत होती, तेव्हा रामहरीची आई लंकाबाई त्याला शांतपणे म्हणाली, "असंल कुठंतरी. आमच्याकडं वस्तू जात न्हाई बाबा." मी तेव्हा तिच्या मोरीत उलटी पडले होते, अंगावर गोधडी घालून. ती चोरी नव्हतीच मुळी. विसर पडला होता, एवढंच.

लंकाबाईला मी हवी होते ती आल्यागेल्यासाठी. तिच्या घरात माणूस आला आणि खाली बसला, तर तिला रात्रभर झोप येत नसे. आणि ती स्वतः? गावात कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी ही हजर. हातात अर्धा डझन केळी, डोक्यावर पदर, आणि तोंडात वाक्य तयार: "लई वाळलास रे." धडधाकट माणूससुद्धा ते ऐकून अंथरुणात आणखी खोल जायचा. गावात तिच्याएवढा मान कुणाला नव्हता.

मग तिच्याच घरात आजार आला. रामहरी आणि ज्योती यांची पोरगी, कार्तिकी, पाचेक वर्षांची. चार पावलं पळाली की माझ्यापाशी येऊन माझे हात धरून धापा टाकायची. लंकाबाई म्हणायची अंगात रग न्हाई, तूप घाला. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छातीवर नळी ठेवली, बराच वेळ काढली नाही, आणि ज्योतीला बोलावून घेतलं. पोरीच्या काळजाला भोक होतं. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं. मी घरीच होते, त्यामुळे तिकडचं मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की ज्योती गेली तेव्हा बोलकी होती आणि आली तेव्हा मोजकं बोलत होती.

येताना तिनं दोन गोष्टी पक्क्या शिकून आणल्या होत्या. पहिली, दीड महिना पोरीजवळ गर्दी नको. दुसरी, पोरीला काखेत हात घालून उचलायचं नाही, तिचे हातही छातीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. छातीचं हाड मधोमध कापून तारेनं बांधलेलं, ते सांधायला वेळ लागतो. "घागर कशी उचलता?" तिथल्या सिस्टरनं विचारलं होतं. "बुडाशी हात लावून. तशीच हिला उचलायची." ज्योतीनं हे घरी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाव लोटलं. कुणाला थांबवायचं म्हटलं तर कशानं थांबवणार? भिंतीत एक उघडी जागा, तिला साडीचा पडदा, कुत्री आत येऊ नयेत म्हणून कधी आडवी फळी. कडी नाही, वाजवायला कवाड नाही. पडदा बाजूला सारून माणूस थेट पोरीच्या उशाशी. आणि उशाशी कोण, तर मी.

काय काय बसलं माझ्यावर, सांगू? एक बाई बसली आणि ज्योतीच्या तोंडावर म्हणाली, "माझ्या मावसबहिणीच्या पोराचं पन आस्संच केल्तं. लई गुणी हुतं लेकरू." पुढं त्या लेकराचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, नुसता उसासा टाकला आणि चहाची बशी पुढं केली. एक गृहस्थ बसले, हातात शिंकले, मग तोच हात पोरीच्या गालावरून फिरवला. एकानं शर्ट वर करायला लावून टाक्यांचा फोटो काढला, स्टेटसला ठेवला, आणि पोरगी कशी आहे हे विचारायचं राहूनच गेलं. ज्योती चहाचं आधण ठेवून ठेवून थकली. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडायची. झोपली की कुणीतरी म्हणायचंच, "निजली व्हय? उठवा की जरा, लांबून आलोय."

रामहरी काय करत होता? सांगते. घोडेगावच्या बाजारात कांद्याचे टेम्पो एकमेकांत अडकले की हा आपल्या टेम्पोचा हॉर्न दाबून सगळ्यांना बाजूला काढतो. तोच माणूस घरात चुलत्यासमोर, मावशीसमोर, शेजाऱ्यासमोर असा उभा राहायचा, की त्यालाच कुणीतरी बसायला सांगावं. "कसं नको म्हनायचं?" एवढंच तो ज्योतीला म्हणायचा, तेही कुणी नसताना.

आणि मग नेवाशाहून कडूबाई आली. कडूबाई म्हणजे रामहरीची आत्या, लंकाबाईची नणंद, या घरात शब्द चालतो ती. प्रेमळ बाई, त्यात खोट काढायची नाही मला. तिनं येताना नारळ आणला होता आणि पिशवीभर लाल मिरच्या.

"पोरीला नजर लागली," ती माझ्यावर बसत म्हणाली. "येवढी मानसं येऊन गेली, कुनाची लागली कुनास ठाऊक."

तिचंही नाव त्या माणसांत येतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ज्योती मोरीत होती. कडूबाईनं तव्यावर निखारे घेतले, मीठ-मोहरी आणि मिरच्या पोरीवरून उतरवल्या आणि टाकल्या. मिरचीचा धूर घरभर झाला. माझ्या प्लास्टिकला नाक नाही, तरी मला कसंतरी झालं. कार्तिकी खोकायला लागली. खोकताना छातीशी दाबून धरायला तिला एक उशी दिली होती, ती खाली पडली. "अगं माझे बाई," म्हणत कडूबाईनं पोरीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उचलून छातीशी धरलं.

पोरगी ओरडली. एकदाच. नंतर नुसतं तोंड उघडं आणि आवाज नाही. ज्योती ओल्या हातानं धावत आली. मग तिनं एक हात बुडाशी आणि एक पाठीशी लावून पोरीला कडूबाईच्या हातांतून काढून घेतलं, आणि रामहरीला टेम्पो काढायला सांगितला.

नगरला नेलं. हाड हललं नव्हतं, पण जखमेचं खालचं टोक उसवून सुजलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, या वेळी थोडक्यात निभावलं. यात पू झाला किंवा तार सरकली, तर छाती पुन्हा उघडावी लागेल. "आणि दुसऱ्यांदा हे लेकरू किती सोसेल, ते मला विचारू नका."

हे मला कसं कळलं? ज्योतीनं परत आल्यावर ते शब्दाला शब्द लंकाबाईला सांगितलं. मग ज्योतीनं पोरीला आतल्या कोपऱ्यात झोपवलं, पडदा ओढला, मला उचललं, आणि त्या उघड्या जागेत मधोमध ठेवून माझ्यावर बसली. रस्त्याकडं तोंड करून.

एवढंच केलं तिनं. पण गावात जो काही गहजब उडाला! आमच्या घरांना दारं नाहीत, यावर अख्ख्या गावाचं नाव चाललेलं, आणि या कालच्या सुनेनं दार बसवलं, तेही चार पायांचं. लोक यायचे. ज्योती मांडीवर तांदूळ निवडत म्हणायची, "पोरगी बरी हाय. डॉक्टरनी आत कुनाला सोडू नका म्हनलंय." आमच्यासाठी न्हाई ते, असं प्रत्येकालाच वाटायचं. "आमी काय परके?" प्रत्येकजण विचारायचा. ज्योती म्हणायची, "न्हाई." पण उठायची नाही. केळी पायरीवर साठली. बकऱ्यांनी खाल्ली. त्या सबंध दीड महिन्यात मनापासून पाहुणचार झाला तो बकऱ्यांचा.

सगळ्यात जास्त फुगली ती लंकाबाई. ती बाहेर लिंबाखाली बसायची, सुनेकडं पाठ करून. "मी जलमभर मानसं जोडली," ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं बोलायची. "हिनं बसल्या जागी तोडली. उद्या माझ्या तिरडीला खांदा द्याया तरी येतील का?" ज्योती निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायची. धीट बाई नव्हती ती. धीट असती तर मला इतकं कौतुक वाटलं नसतं.

मग एका दुपारी गोरक्षभाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. निवडून कधी आले नाहीत, त्यामुळे सदैव तयारीत. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं होतं. ते आपल्यामुळंच झालं, असं भाऊंनी परस्पर जाहीर केलं होतं. बरोबर पाचसहा जण, एक कागदात गुंडाळलेला गुच्छ, आणि मोबाईल आडवा धरून मागं मागं चालणारा एक.

नेमकी तेव्हाच आत कार्तिकी रडायला लागली आणि ज्योती उठून गेली. मी मोकळी. समोर रामहरी. भाऊंना बघून त्याचे हात आपोआप जुळले.

"या ना भाऊ. या, आत या," तो म्हणाला, आणि मला बाजूला करायला वाकला.

"लेकराला जरा उचलून घेतो," भाऊ म्हणाले. "फोटोत बरं दिसतं."

रामहरीचा हात माझ्या पाठीला लागला, तेवढ्यात लिंबाखालून लंकाबाई उठली. पदर सारखा करत आली. मला वाटलं, आता चहा सांगणार, आणि मला भाऊंच्या खाली सरकवणार. याच कामासाठी तर तिनं मला गोधडीखाली लपवलं होतं.

ती आली आणि धपकन माझ्यावर बसली. माझा मागचा डावा पाय कडकन वाजला.

"गोरक्ष," ती म्हणाली. भाऊ नाही, नुसतं गोरक्ष. "तुझी आई शेवटची आजारी हुती, तवा मी भेटाया आल्ते. आठवतं?"

"आठवतं की मावशी. दुपारभर बसला होता."

"व्हय. ती सारखी डोळे मिटायची, आन मी सारखी बोलायची. तिला निजायचं हुतं रे. मला आत्ता कळतंय." मग तिनं हात पुढं केला. "फुलं हितं दे. पोरगी झोपू दे."

मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली घेतला. भाऊंनी गुच्छ तिच्या हातात दिला, आणि खरं सांगते, प्रथमच काही न बोलता गेले. रामहरी तसाच वाकलेला होता. लंकाबाई त्याला म्हणाली, "उभा रहा सरळ. तुझी पोरगी हाय ती."

पडद्याआड ज्योती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली नाही. आतल्या आत रडली, आणि लंकाबाईनंही मागं वळून बघितलं नाही. पण त्या दिवसापासून दोघी पाळीपाळीनं बसू लागल्या.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी पोरीला मोकळं केलं. दसऱ्याला झेंडूचं तोरण लावायचं होतं. भिंतीतल्या त्या उघड्या जागेवर दोन खिळे आहेत. कार्तिकी म्हणाली, मी लावते. ज्योतीनं तिला बुडाशी हात लावून उचललं आणि माझ्यावर उभं केलं. माझा पाय तारेनं बांधलेला. जिवाच्या करारानं उभी राहिले. पोरीनं तोरण धरलं आणि दोन्ही हात वर, डोक्याच्याही वर नेले. दीड महिना जे हात छातीच्या वर गेले नव्हते ते. झग्याच्या गळ्यातून ती गुलाबी रेघ दिसत होती. नेवाशाहून आलेली कडूबाई अंगणात उभी होती, स्वतःचे हात पाठीमागं घट्ट बांधून. तोरण जरा वाकडं लागलं, पण कुणी सरळ केलं नाही.

आता मी लिंबाखाली असते. पाय तारेनं बांधलेला, त्यामुळे जड माणसाला लंकाबाई माझ्यावर बसू देत नाही. कल्याण परवा याच रस्त्यानं गेला, माझ्याकडं बघून जरा थबकला. लंकाबाई म्हणाली, "ने की तुझी खुर्ची." त्यानं पायाची तार बघितली आणि म्हणाला, "राहू दे मावशी." चला, तोही विसर मिटला.

माझं एकच मागणं आहे. आजाऱ्याला भेटायला जरूर जा. तुमच्याशिवाय केळी कोण नेणार? पण कुठं दारात खुर्ची घातलेली दिसली आणि तिच्यावर एखादी बाई तांदूळ निवडत बसलेली दिसली, तर तिला विचारू नका की आम्ही काय परके. आत कुणीतरी बरं होतंय. केळी पायरीवर ठेवा आणि घरी जा.