वखारीचं ठेंगणं दार

"काकू, अहो इकडून! ते दार नुसतं शोभेचं आहे!" अंतरा ओरडली. पण तोवर सगुणाबाईंनी डोक्यावरची मिठाची टोपली उतरवून पोटाशी धरली होती, आणि कमरेत वाकून त्या ठेंगण्या दारानं आत गेल्यासुद्धा.

शेजारच्या मोठ्या दारात पद्मजाबाई औक्षणाचं तबक घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

पेणच्या खाडीकाठची ही मिठाची वखार त्यांच्या आजोबांची. भावाच्या मुलीनं, अंतरानं, तिचे फ्लॅट केले. दगडी भिंती, सागवानी तुळया होत्या तशा ठेवल्या. बिल्डर हे ठेंगणं दार बुजवायला निघाला, तेव्हा पद्मजाबाई इरेला पेटल्या. "इतकं गोड दार! वखारीचा जीव त्यातच तर आहे." जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाई त्या, त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती? दार राहिलं. वर जाईचा वेलही चढला.

खालचा फ्लॅट निलेशनं घेतला. त्यांचाच विद्यार्थी, आता नागोठण्याला कंपनीत. आज त्याची वास्तुशांत. नव्या घरात आधी मीठ जावं, म्हणून त्याची आई मीठ घेऊन आली होती.

"सगुणाबाई, मोठं दार उघडंच होतं की," पद्मजाबाई म्हणाल्या.

"काय करू बाई, मीठ हातात आला का पाय हिकडंच वळतान. तुमचे आजोबा ओटीवरशी बगायचे ना. मजुरानं मोठ्या दाराशी गेलेला त्यांना खपायचा नाय." सगुणाबाई हसल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पद्मजाबाईंचे कान तापले. लहानपणी सुट्टीत त्या इथे यायच्या, मोठ्या दारानं. ठेंगण्या दारानं मजूर बायका मिठाच्या टोपल्या घेऊन वाकून ये-जा करताना त्यांनी रोज पाहिल्या होत्या. का, हे विचारायचं कधी सुचलं नाही. आणि त्याच दाराला त्या गोड म्हणाल्या होत्या, तेही चारचौघांत, ठणकावून! लाजेनं त्यांना सगुणाबाईंकडे बघवेना.

"हे दार आमच्या आत्यामुळे वाचलं बरं का!" अंतरा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होती.

पद्मजाबाईंनी तबक तिच्या हातात दिलं आणि त्या ठेंगण्या दारापुढे गेल्या. वाकल्या. आपल्या मते पुष्कळच वाकल्या. दगडी चौकट खाडकन कपाळावर बसली.

"अगो बाय!" सगुणाबाई दारात धावल्या. टेंगळावर तळहात दाबून धरत म्हणाल्या, "नव्या मानसाला लागतोच. मना पन लागलेला पयल्या दिवशी."

हात खरखरीत होता.

"मावशी, जरा बाजूला होता का?" मोबाइल रोखून एक पाहुणी सगुणाबाईंना म्हणाली. "दाराचा फोटो घ्यायचाय."

घराची मालकीण चटकन बाजूला झाली.