ठेंगूची सावली

आमच्या केंद्रात सगळे वाकून चालतात. बाहेरच्याला वाटतं, या घराण्यातच कंबरदुखी असावी. खरं कारण अंगणातला खांब. छातीइतक्या उंचीच्या त्या खांबावर, काचेच्या घुमटाखाली, उन्हातली अतिनील किरणं मोजणारं यंत्र आहे. आम्ही त्याला डोळा म्हणतो. डोळ्यावर सावली पडली की आकडा खोटा येतो, म्हणून दिवसा त्याच्या जवळून जाताना कमरेत वाकायचं आणि त्याच्या आसपास गुडघ्याच्या वर जाईल असं काही लावायचं नाही, असे दोन नियम. बाबा इथले निरीक्षक, मी त्यांचा मदतनीस. मदतनीस निवडताना त्यांनी फार लांबवर शोध घेतला नव्हता.

रोपांचं काम आईचं. एका वाफ्यावर किरणं अडवणारी फिल्म, दुसरा उघडा, तिसऱ्यावर जादा किरणांचे दिवे. दिव्यांखाली घेवड्याची पानं जाड व्हायची, कडा वळायच्या, शेंगा कमी धरायच्या. जंगली झाडांच्या रोपांचेही तसेच हाल. आई पानाची जाडी मोजायची, तेव्हा ते मापकाच्या चिमट्यात धरून आधी विचारायची, "दुखलं का रे?" मला इंजेक्शनला नेल्यावर तिनं हे कधी विचारलेलं आठवत नाही.

तिच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की कोवळेपणी जादा किरणं सोसलेलं रोप पुढे गुडघ्याच्या वर जात नाही. प्रयोग संपल्यावर दिव्यांखालची बाकीची रोपं उपटून टाकली. जंगली झाडाचं एक मात्र तिनं खांबाच्या पश्चिमेला लावलं. त्याचं नाव ठेंगू.

"इथं?" बाबांनी विचारलं.

"नियमात बसतंय. वाढणार नाहीये ते."

बाबांनी अहवाल काढून खात्री केली आणि परवानगी दिली. आमच्या घरात कुणी कुणाच्या शब्दावर जात नाही, अहवालावर जातं.

मग आई आजारी पडली. दवाखान्यात गेली, घरी आली, पुन्हा गेली, आणि मग आली नाही.

त्यानंतर ठेंगूनं मनावर घेतलं. आईची पाठ वळायचीच वाट बघत असल्यासारखा तो गुडघा ओलांडून कमरेला आला, मग खांद्याला.

"बाबा, माझ्या खांद्याला लागलाय तो."

"तू वाकून उभा आहेस."

ते खरंच होतं. पण सरळ उभा राहिलो तरी फरक पडेना, आणि पुढे तर मलाच मान वर करावी लागली. बाबा मात्र म्हणत राहिले, "अहवालात स्पष्ट लिहिलंय."

दुपारच्या आलेखाला खाच पडायला लागली. मुख्य कार्यालयातून फोन आला. "तुमच्याकडे दुपारनंतर किरणं कमी होतायत. बाकी कुठंच होत नाहीयेत. नक्की काय करताय तुम्ही?"

"काही नाही साहेब, निरीक्षण," बाबा म्हणाले.

एवढं मोठं यश बघायला तपासनीस बाई आल्या. खांबापाशी वाकल्या, पश्चिमेकडे बघितलं आणि हळूच सरळ झाल्या.

"हे झाड आहे."

"रोप आहे," बाबा म्हणाले.

"अहो, यावर घरटं आहे."

"पक्षी छोटा आहे."

बाई हसल्या नाहीत. ठेंगू कुणाचा, हे त्यांना ठाऊक होतं. आईबरोबर त्यांनी काम केलं होतं. "शेंडा छाटा म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "पण छाटलं की दुप्पट फुटतं. खांब हलवला तर जुने आकडे नव्यांशी जुळणार नाहीत. वरच्या जंगलाचे शेंडे करपतायत, त्यात किरणांचा हात किती, हे सांगायला आपल्याकडे हे आकडे सोडून काही नाही. पिलं उडून जाऊ देत. मग मात्र पाडा. नाहीतर या केंद्राचं कुठलंच काम ग्राह्य धरता येणार नाही. तिचंसुद्धा."

जेवताना मी म्हणालो, "खांब थोडा सरकवू ना. कुणाला कळतंय?"

"तिला कळलं असतं."

"तिला तर ठेंगू वाढणार नाही असंही वाटलं होतं."

"चुकली ती," बाबा म्हणाले. ताट उचलताना पुन्हा म्हणाले, "इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिची चूक सापडली, आणि ती सांगायला तीच नाही."

पिलं उडाली. एका दुपारी बाबांनी करवत आणली, बाजूला ठेवली आणि आईचा मापक आणला. एक पान चिमट्यात धरलं. "दुखलं का रे?" त्यांनी विचारलं. आवाज कामकाजाचाच होता. जाडी वाचून दाखवली, मी लिहून घेतली. मग मला आत आलेखाच्या पडद्यासमोर बसायला पाठवलं. करवतीला लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला. अंगणात काहीतरी कोसळलं आणि पडद्यावरची रेघ वर चढली.

"वर गेली का?" बाहेरून आवाज आला.

"गेली."

"खाच?"

"नाही आता."

बाहेर करवत खाली ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हापासून दुपारी बाबा ठेंगूच्या उरलेल्या बुंध्यावर बसतात, भर उन्हात, बोडक्या डोक्यानं. आल्यागेल्या प्रत्येकाला टोपी घाला म्हणून सुनावणारा माणूस. बुंधा ठेंगणा आहे आणि बाबा आता बसतानाही वाकलेले असतात, त्यामुळे डोळ्यावर त्यांची सावली पडत नाही. डोळ्याच्या लेखी ते तिथं नसतातच.

परवा मी वाकत वाकत त्यांना चहा नेला. त्यांच्या पायाशी, सालीतून, एक कोंब वर आला होता. दोन पानं, तळहाताएवढीही उंची नाही.

"बाबा, हा खुडायला हवा ना?"

त्यांनी कोंब बघितला. मग हात आडवा धरून आपल्या गुडघ्याशी नेला आणि खालचं अंतर नीट निरखलं.

"कशाला?" ते म्हणाले. "नियमात बसतंय."