वरच्या मजल्यावरचा गिटारवाला

मार्चमधल्या एका सकाळी दुइलिओ माझ्या दारात येऊन उभा राहिला. काखेत चादरीत गुंडाळलेली गिटार.

"नाझ्झरेनाबाई, तुम्ही कारखान्यात पॉलिशला होतात ना?"

"होते. पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. आता फक्त भांडी घासते."

चादर सोडून त्यानं गिटार माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. इलेक्ट्रिक, तपकिरी, मॅट फिनिशची. त्याचा खांदा दुखतो म्हणून मिलानला राहणाऱ्या त्याच्या मुलीनं हलकी बघून घेऊन दिलेली. येत्या महिन्यात चार म्हातारे मिळून नाचाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी वाजवणार होते.

"बाकीचे टिकल्यांची जाकिटं घालणार," तो म्हणाला, "आणि मी हे कपाटाचं दार गळ्यात अडकवून उभा राहू? आपल्या गिटारी कशा आरशासारख्या असायच्या!"

आपल्या म्हणाला, ते बरं वाटलं.

आमच्या कास्तेलफिदार्दोत पूर्वी सगळा गाव अकॉर्डियन बनवायचा. मग पोरांना गिटारी हव्या झाल्या आणि आमचा कारखानाही तिकडे वळला. खालच्या मजल्यावर कापडी चाकांपुढे आम्ही चौदा बायका. दिवसभर पॉलिश करायचं आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की गुलाबी पेस्ट निघायची. आम्ही चकाकवलेली गिटार वर जायची. तिथं दुइलिओ तारा चढवून प्रत्येक गिटार वाजवून बघायचा.

मी गिटार खिडकीशी नेली. जिथं वाजवताना उजवा हात टेकतो, तेवढाच तुकडा चमकत होता.

"बघा, सुरुवात तुम्हीच केलीय. बाहीनं घासून घासून. म्हणजे बाकीचीही चमकेल. पण रोगण पातळ दिसतंय. घाई केलीत तर हाकलून देईन."

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून मी सँडपेपर आणि पॉलिशची पेस्ट मागवली. तारा, बटणं सगळं त्यानं काढून दिलं. आधी पाण्यात भिजवलेला बारीक पेपर, मग त्याहून बारीक. तीन सकाळी हे चाललं. तो समोर बसून कॉफीत बडीशेपेची दारू ओतायचा आणि नसते सल्ले द्यायचा. माझे हात मात्र मला न विचारता चालत होते. कोपर कुठं उचलायचं, कुठं दाब कमी करायचा, सगळं त्यांना आठवत होतं.

"गुरुवारी तुम्ही नेहमी संथ काहीतरी वाजवायचात," मी म्हटलं.

त्याचा कप हवेतच थांबला. "तुम्हाला ऐकू यायचं?"

"चाकं थांबली की यायचं. माझ्या शेजारच्या चाकावरची एलिदे म्हणायची, आज वर पाऊस आहे."

त्यानं कप खाली ठेवला. "बुधवारी संध्याकाळी आईला भेटायला इस्पितळात जायचो. दोन वर्षं. मला वाटायचं, कुणाला कळत नाही."

"चौदा जणींना कळायचं. तुम्ही मात्र अंगणातून नाक वर करून जायचात."

"नाक वर? अहो, लाजायचो मी! तुम्ही सगळ्या खिदळायचात."

"कारण तुमच्या विजारीला मागे कायम तारेचा तुकडा अडकलेला असायचा."

"आणि हे आज सांगताय?"

दोघंही पोट धरून हसलो. एलिदे असती तर टेबलावरच डोकं टेकून हसली असती. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

चौथ्या दिवशी पेस्ट लावली आणि तपकिरी रंगात माझी खिडकी उमटली, पडद्यासकट. त्या आनंदातच माझा हात वरच्या टोकाच्या कडेवर एकदा जास्त फिरला. मसुराएवढं रोगण उडालं आणि खालचं पांढरं लाकूड दिसलं.

मी फडकं टाकून दिलं. "कारखान्यातल्या पंधरा वर्षांत एक कड फोडली नव्हती मी! एक नाही!" माझे डोळेच भरून आले.

दुइलिओनं गिटार उचलून डाग पाहिला, त्यावर अंगठा फिरवला.

"हजारो गिटारी वाजवल्या मी," तो म्हणाला. "कुठली कुणी चमकवली, एकीवरही नाव नव्हतं. ही मात्र नाझ्झरेनाची. असू दे डाग."

"मूर्खपणा आहे," मी म्हटलं. त्यावर रंग लावायला मात्र गेले नाही.

पुढच्या महिन्यात त्या ठरलेल्या रविवारी हॉलमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसले. दिव्यांखाली गिटार अशी लखलखली की शेजारच्या बाईनं नवी आहे का म्हणून विचारलं. पंधरा वर्षं मी या माणसाला छतातून ऐकलं होतं, वाजवताना पाहिलं कधीच नव्हतं. अवघड जागा आली की तो सुईत दोरा ओवणाऱ्यासारखी जीभ बाहेर काढतो. मी इतक्या मोठ्यानं हसले की शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं.