मुदतवाढ

"तो नळ नको, त्याला टाकीचं पाणी येते," म्हणत प्रणालीने अस्मिताच्या हातातली बाटली जवळजवळ हिसकावलीच आणि जिन्याखालच्या फिल्टरपाशी नेऊन भरली. "और सुन, आठवीवाले खाली यायच्या आधी इथं यायचं. नाहीतर घंटी होऊन जाते, तरी नंबर लागत नाही."

अस्मिता मन लावून ऐकत होती. तिच्या वडिलांची बँकेतली बदली, नाशिकहून थेट जबलपूर. दिवाळीनंतर, अकरावीचं निम्मं वर्ष सरल्यावर शाळा बदलायची म्हणजे पोरगी रडकुंडीला आलेली असेल, असं प्रणालीला वाटलं होतं. पण ही हसरी निघाली. काहीही दाखवा, "अरे वा" म्हणायची. अगदी पाण्याच्या फिल्टरलासुद्धा.

त्या शाळेत नव्या मुलांना 'साथी' देण्याची पद्धत होती. साथीने दीड महिना नव्या मुलासोबत राहायचं, कुठले सर कशावरून भडकतात ते सांगायचं आणि मुख्य म्हणजे डबा त्याच्यासोबत खायचा. मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मुलाला शाळा आपली वाटत नाही, असं भानुमती मॅमचं म्हणणं. हा सगळा कारभार त्यांच्याकडेच होता. साथी म्हणून त्या हुशार, बोलकी, चार लोकांत वावरणारी मुलं निवडत. त्यामुळे अस्मितासाठी त्यांनी प्रणालीचं नाव घेतलं तेव्हा वर्ग चकित झाला, आणि सगळ्यांत जास्त चकित झाली ती प्रणाली.

कारण प्रणाली अकरावीत नापास झालेली होती. तिच्या मैत्रिणी बारावीला वरच्या मजल्यावर गेल्या. सुरुवातीला जिन्यात भेटल्या की थांबायच्या, मग त्यांना घाई असायला लागली. आणि खालच्या वर्गातून आलेल्या मुली तिला 'दीदी' म्हणायच्या. आता बघा, आपल्याच बाकावरच्या मुलीने "प्रणालीदीदी, जरा सरका ना" म्हणावं, याच्याइतकं झोंबणारं दुसरं काय असेल? शिवी दिलेली परवडली. जूनपासून ती डबा प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर एकटीच खात होती. खात होती म्हणजे दोन घास पोटात ढकलत होती.

"दोनों महाराष्ट्रियन हो, खूब जमेगी," मॅम म्हणाल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की प्रणालीच्या घरची, जबलपूरच्या रांझी भागातली मराठी आणि नाशिकची मराठी एकमेकींकडे कशा बघतात ते. पहिल्या दिवशी प्रणाली सगळं हिंदीतच बोलली.

"तू मराठी ना? मग हिंदीत काय बोलतेस?" अस्मिताने विचारलं.

"माझी मराठी घरात घालायची आहे. बाहेर नाही काढत मी. हसशील तू."

अस्मिता हसली खरी, पण ते चांगलं हसणं होतं. त्या दिवसापासून प्रणाली मराठीत बोलायला लागली, आणि एकदा तोंड उघडल्यावर मग काय! रांझीच्या बसपासून वडिलांच्या फॅक्टरीच्या भोंग्यापर्यंत सगळं सांगून झालं. फक्त नापास झाल्याचं तेवढं सांगितलं नाही. मुली दीदी का म्हणतात विचारलंच तर उत्तर तयार होतं, "मला शाळेत उशिरा घातलं ना, म्हणून."

पण भीती होतीच. कोणीतरी सांगेल, आणि ही एवढी एक पोरगीही हातची जाईल. म्हणून ती अस्मिताला कोणात मिसळू देत नव्हती. वर्गातल्या हर्षाने दोनदा हाका मारल्या तेव्हा प्रणालीच मध्ये पडली.

"तिच्यासोबत नको जास्त. लय भाव खाते ती."

हर्षा भाव-बिव काही खात नव्हती. साधी, बास्केटबॉलवेडी मुलगी होती. प्रणालीला त्या खोटेपणाची लाज वाटली, पण वाक्य काही परत घेववलं नाही.

एका रविवारी अस्मिता रांझीला घरी जेवायला आली. बेबीताईंनी, म्हणजे प्रणालीच्या आईने, पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं. वडील, पुंडलिकराव, ओव्हरटाइम सोडून घरी थांबले, इस्त्रीचा शर्ट घालून. पाटोडीचा झणझणीत रस्सा केला होता आणि बेबीताई वाढता वाढता बोलत होत्या. त्यांच्या पोटात काही राहतच नसे.

"खाऊन घे व पोरी, लाजून काहून राहिली? मागच्या साली ही नापास झाली, तेव्हापासून आमच्या घरी हिची एक मैत्रीण फिरकली नाही. तू आली, बरं वाटलं बाप्पा."

प्रणालीच्या हातातला पोळीचा तुकडा तसाच राहिला. तिने अस्मिताकडे बघितलं. अस्मिताने मानही वर केली नव्हती.

"काकू, रस्सा अजून थोडा वाढा ना," ती म्हणाली. "आमच्याकडे असा नाही होत."

बस्स. एक प्रश्न नाही, एक नजर नाही. प्रणालीचा जीव भांड्यात पडला. हिला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल आणि हिला त्याचं काहीच वाटत नसेल. यातली दुसरी गोष्टच खरी असावी, असं तिने ठरवून टाकलं. त्या एका ताटावरच्या गप्प बसण्यासाठी तिने अस्मिताला आयुष्यभराची मैत्रीण मानून टाकलं, इतका तिला आनंद झाला होता. मग वाटलं, अशा मैत्रिणीपासून काय लपवायचं? आपणच नीट सांगावं.

सोमवारी मधल्या सुट्टीत दोघी मैदानाच्या पायऱ्यांवर उन्हात बसल्या होत्या. प्रणालीने डबा उघडला आणि झाकण हातातच धरून म्हणाली,

"एक सांगायचं होतं. मी मागच्या साली नापास झाली होती."

"माहीत आहे गं मला."

"काल आईनं बोलून दिलं, ते तर—"

"काल नाही. आधीपासूनच." अस्मिताने स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली. "पहिल्या दिवशी मॅमनी सांगितलं. म्हणाल्या, ती अगदी एकटी पडली आहे, कोणाशी बोलत नाही, डबा कुठेतरी मागे जाऊन खाते. तू नवीन आहेस, तुला ती सगळं दाखवेल, तुझ्यामुळे तिलाच बरं वाटेल. म्हणजे... साथी मी होते. तुझी. तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना."

"अच्छा," प्रणाली म्हणाली.

तिचे कान तापले. पाण्याचा फिल्टर, भडकणारे सर, कँटीनमधला बरा समोसा, हे सगळं आपण एवढ्या तोऱ्यात दाखवत होतो आणि ही "अरे वा" म्हणत होती.

"हर्षाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच आहे. म्हणजे, साधारण." अस्मिता घाईघाईने बोलायला लागली. "पण मला आवडलं हं तुझ्यासोबत. खरंच. आणि आता शुक्रवारी दीड महिना होतोच आहे. हर्षाच्या टीमची मधल्या सुट्टीत प्रॅक्टिस असते, मी त्यांना म्हटलंय, संपलं की येते."

"जा ना मग. मी काहून अडवू?"

अस्मिताला ते खरं वाटलं असावं. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि डब्यातला पराठा निम्मा तोडून प्रणालीपुढे धरला. प्रणालीने तो घेतला आणि खाल्लासुद्धा.

त्या आठवड्यात रांझीच्या बसमध्ये प्रणाली खिडकीशी बसून एकच गोष्ट घोकत होती. शुक्रवारी मॅम बोलावतील. तेव्हा ताठ मानेने सांगायचं, मला कोणाची गरज नव्हती आणि आताही नाही. दया करायची तर दुसऱ्या कोणावर करा. हिंदीत सांगायचं, म्हणजे शब्द अडणार नाहीत. वाक्य तिला तोंडपाठ झालं होतं.

शुक्रवारी मॅमनी दोघींना खोलीत बोलावलं. भानुमती मॅम मनाने चांगल्या होत्या, तिथेच तर सगळी पंचाईत होती. त्यांनी प्रणालीच्या खांद्यावर हात ठेवला.

"अस्मिता ने बताया, तुम्हें सब पता चल गया. बुरा तो नहीं माना ना, बेटा?"

"नहीं मॅम."

"अब तो तुम काफी संभल गई हो. तो अस्मिता को छुट्टी दे दें? या तुम्हें लगता है कि अभी ज़रूरत है, तो परीक्षा तक रहने देते हैं. तुम बोलो. जैसा तुम कहोगी."

प्रणालीने बाजूला बघितलं. अस्मिताने बास्केटबॉलचे बूट आधीच घातले होते. ती खिडकीतून मैदानाकडे बघत होती, आणि तिचा एक पाय जागच्या जागी हलत होता, थांबता थांबत नव्हता. तिकडे हर्षा आणि बाकीच्या मुली जमल्या होत्या.

घोकलेलं वाक्य अगदी जिभेच्या टोकाशी होतं. बोलायचाच काय तो अवकाश. पण तेवढ्यात प्रणालीला सोमवार दिसला. मधली सुट्टी, प्रयोगशाळेमागचा तो ओटा, मांडीवर डबा, आणि कोणी आलंच तर डबा संपल्यासारखं झाकण लावून उठायचं. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. परीक्षेपर्यंत आणि त्याच्यापुढेही.

"रहने दीजिए मॅम," ती म्हणाली. "अभी ज़रूरत है."

अस्मिताचा पाय थांबला.

"शाबाश!" मॅमना भरून आलं होतं. "देखो, कितनी सच्चाई से बोला. इतनी हिम्मत कितनों में होती है? चलो अस्मिता, तुम्हें तो कोई दिक्कत नहीं?"

अस्मिता चांगल्या घरातली, चांगल्या वळणाची मुलगी होती. तिने प्रणालीकडे बघितलं आणि मग हसली. नेहमीसारखंच हसली.

"नहीं मॅम. बिलकुल नहीं."

सोमवारी घंटा झाली तशी ती वेळेवर येऊन पायऱ्यांवर बसली. आज काय आणलंस, म्हणून तिने विचारलं. प्रणालीने मेथीची भाजी पुढे केली. मागे मैदानावर चेंडू आपटत होता, मधूनच कोणीतरी ओरडत होतं, पण अस्मिताने तिकडे वळून बघितलं नाही. तिने भाजी घेतली, छान झाली आहे म्हणाली, बेबीताई कशा आहेत ते विचारलं, आणि सुट्टी संपेपर्यंत जागची हलली नाही.

प्रणालीनेही तिला जा म्हटलं नाही.