ओळख लपवताना

आमच्या बाईंइतकं काटेकोर संशोधन आख्ख्या विभागात कोणी करत नाही, आणि त्याचा मला अधूनमधून वैतागही येतो. मूल गमावलेल्या आयांना मानसोपचारातून नेमकं काय मिळालं, हा त्यांचा विषय. आयांशी तासन् तास बोलायचं, रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं आणि छापताना ओळखीची प्रत्येक खूण बदलायची. मी त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर बसतो. "शेजारणीलासुद्धा कळता कामा नये," म्हणत बाई लोकांची वयं, कामं, घरं बदलत बसायच्या. मी चिडवायचो, "बाई, तुम्ही आता कादंबरीच लिहा."

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना त्यांनी शिक्षिका केलं, आणि त्यांच्या गेलेल्या मुलाच्या जागी मुलगी घातली. छापायला देण्याआधी मजकूर ज्याचा त्याला दाखवायची पद्धत आहे. पण मुदत डोक्यावर आली होती, म्हणून बाईंनी सगळ्यांना नुसता निष्कर्षांचा सारांश पाठवला. त्यात ना मुलगा होता ना मुलगी. ताईंनीही "छान आहे" म्हणून कळवलं.

लेख छापलेला संशोधनपत्रिकेचा अंक आला तेव्हा बाईंनी ताईंना हौसेनं बोलावून घेतलं. त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या. पान उघडून वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"ही कोण?"

"तुम्हीच की."

"मला मुलगी नाही हो."

बाईंनी गोपनीयतेचे नियम समजावून सांगितले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घरात कोणी त्याचा विषय काढत नाही. मी काढला की हे उठून जातात, सासूबाई भलतंच काहीतरी बोलायला लागतात. म्हटलं, छापून आलंय म्हटल्यावर तरी बसून ऐकतील. आता काय वाचून दाखवू?"

"मी दुरुस्ती छापायला लावते."

"काय लिहाल? मुलगी नव्हती, मुलगा होता, म्हणून?"

बाईंचा चेहरा उतरला. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. एक फोन करून विचारलं असतं, तर हे टळलं असतं.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? तुमच्याशी बोलून मला खरंच मोकळं वाटलं होतं. निदान एकदा माझ्यासमोर त्याचं नाव घ्या, म्हणजे मी निघते."

ते रेकॉर्डिंग बाईंनी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. पण उतरवून घेताना खरं नाव आधी काढून टाकायचं, हा त्यांचाच नियम. त्यानंतर वर्षभर त्या स्वतः ठेवलेल्या नावावरच काम करत होत्या. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते त्या मुलीचं नाव.

अंक तिथेच ठेवून ताई निघून गेल्या.