सगळं समजलं

बटणाचा लाल रंग मधोमध उडाला होता, बोटाच्या पेराएवढा, आणि खालचं पांढरं प्लास्टिक दिसत होतं – खोकल्याचं बटण. ते दाबून धरलं की दुभाष्याचा आवाज सभागृहातल्या कानांपर्यंत जात नाही. मग खोका, पाणी प्या, नाहीतर जोडीदाराला सांगा की हा वक्ता शुद्ध गाढव आहे. खोकण्यासाठी तिनं ते क्वचितच दाबलं होतं.

"ताई, आज सर बोलायला उभे राहणार म्हणे," शेजारच्या खुर्चीतला जोडीदार म्हणाला. तिच्यापेक्षा बराच लहान. दुभाष्यांच्या या काचेच्या खोलीत बसणाऱ्या दोघांना मिळून तो 'पिंजऱ्यातले पोपट' म्हणायचा. "त्यांचं वाक्य म्हणजे वऱ्हाड. निघतं वाजतगाजत, आणि कोण कुठं उतरलं ते कोणालाच ठाऊक नसतं."

"माझ्या पाळीत आले तर मी बघून घेईन."

"तुमच्याच पाळीत येणार. मी चहा घेतो निवांत."

काचेपलीकडे सभागृह भरत होतं. दोन भाषांचं विद्यापीठ – फाटकावर पाटी दोन भाषांत, जिन्यावर दोन भाषांत, मुतारीवरसुद्धा दोन भाषांत. आजचा विषय 'अध्यापन व संशोधन बळकटीकरण'. ठराव असा की नव्या वर्षापासून वरचे वर्ग आणि प्रबंध एकाच भाषेत, अर्थात मोठ्या. आणि आमच्या भाषेतला संशोधन विभाग, ज्यात सरांचा जन्म गेला आणि तिची प्रबंधाची चार वर्षं गेली, त्याचं 'सांस्कृतिक केंद्र'. म्हणजे पाहुणे आले की गाणी म्हणायची. बळकट करायचं म्हणजे काय, तर म्हातारीच्या हातची काठी काढून घ्यायची आणि म्हणायचं, बघा आता कशी ताठ उभी राहते.

सर उठले. आधी माइक सापडेना, मग चष्मा. त्यांनी कुलगुरूंना नमस्कार केला आणि आमच्या भाषेत सुरुवात केली, आणि तिनं ओठ माइकजवळ नेले... आता ती नव्हती. आता 'मी' म्हणजे सर. 'मी या विभागात चाळीस वर्षं शिकवलं.' हे तिला नेहमीच सोपं जायचं – दुसऱ्याच्या 'मी'त शिरणं. लहानपणी आईबरोबर दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून हेच तर केलं होतं. आईला मोठी भाषा येत नव्हती. आई म्हणायची, "मुडद्या, माणूस मरायला टेकलाय तिकडं आणि तू चहा ढोसतोस?" आणि मी त्या खिडकीतल्या कारकुनाला सांगायचे, आई म्हणते, जरा लवकर बघाल का. कारकून हसून म्हणायचा, गोड पोरगी आहे. आई मला विचारायची, एवढं बोलले तरी हा हसतो कसा गं...

सर भरकटले होते. विभागाच्या गळक्या छपरावरून ग्रंथालयावर, तिथून मागच्या कुलगुरूंवर. ज्यांना आमची भाषा येत होती ते उघड्या कानांनी ऐकत होते आणि हळूच घड्याळ बघत होते. ज्यांना येत नव्हती त्यांच्या कानांत तिचा आवाज होता, आणि तिथं सर भरकटत नव्हते. गळकं छप्पर तिनं एका वाक्यात आटोपलं, मागच्या कुलगुरूंना वगळलं. अडखळणं भरून काढलं, तुटलेलं जोडलं. यात वाईट काय – हा तर कामाचाच भाग, असं ती नवख्यांना शिकवतसुद्धा असे.

"आता... एक उदाहरण देतो," सर म्हणाले. "आमच्या विभागात एक मुलगी होती. पुराचा अभ्यास केला होता तिनं. नदीकाठच्या बायकांना तिनं तुमच्या भाषेत विचारलं, तेव्हा बायकांनी पाणी किती चढलं ते सांगितलं. मग आमच्या भाषेत विचारलं, तेव्हा... तेव्हा कोणी कोणाला मदत केली नाही, वगैरे, ते सांगितलं. तर असा फरक पडतो."

एक मुलगी होती.

प्रबंधातलं ते प्रकरण त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवलं होतं, एका बोटानं, ताटातला खडा बाजूला सारावा तसं. "या गावगप्पा झाल्या गं. यात मोजण्यासारखं काय आहे? बायका बोलल्या, तू उतरवलंस. यात तुझं काय?" तिनं प्रबंध अर्धवट सोडला. दुसऱ्याचं बोलणं उतरवण्याचीच नोकरी धरली. सरांनी शिफारसही केली होती, आनंदानं.

आणि आज वगैरे! त्या बायकांचं वगैरे केलं त्यांनी...

तिचा आवाज थांबला नव्हता. ती बोलत होती, सरांच्या 'मी'त, मोठ्या भाषेत, आणि सर पाणी पीत होते त्या वेळात तिनं सांगितलं की पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा एका बाईच्या सख्ख्या जावेनं शिडी माळ्यावर ओढून घेतली. की ती बाई पोराला खांद्यावर घेऊन पाणी उतरेपर्यंत खांबाला धरून उभी होती. की त्या दोघी जावा अजून एकाच चुलीवरचं जेवतात, आणि शिडी त्याच भिंतीला टेकलेली असते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. 'आम्ही त्यांच्या भाषेत विचारलं नसतं,' ती म्हणाली, 'तर आमच्याकडे फक्त पाण्याची उंची असती.'

जोडीदाराचा पेला ओठांपाशीच राहिला. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. सरांनी शिडी म्हटलेलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं 'मी घेऊ का?' असा हात केला. तिनं नकारार्थी मान हलवली.

काचेपलीकडे एक विलक्षण गोष्ट घडत होती. अर्धं सभागृह कंटाळलेलं होतं आणि अर्धं, कानांत यंत्र घातलेलं, निश्चल. पुढच्या रांगेतल्या पाहुण्या बाईंनी – बळकटीकरणाच्या तज्ज्ञ, ठराव त्यांच्याच अहवालावर बेतलेला – चष्मा काढून डोळे टिपले. तिच्या अंगभर ऊब पसरली. इतक्या वर्षांनी... जिंकलो आपण, तिला वाटलं. आपण म्हणजे कोण, हे तेव्हा वाटलं नाही.

सर बसले. पाहुण्या बाई उठल्या. आता दिशा उलटी. सरांनी यंत्र कानाला लावलं आणि ती आमच्या भाषेत त्यांच्या कानात बोलू लागली.

"ती शिडी मी जन्मात विसरणार नाही," ती म्हणाली, बाईंच्या 'मी'त.

सरांनी यंत्रावर टिचकी मारली आणि मागं वळून काचेकडे पाहिलं.

"प्राध्यापकांना वाटतं की त्यांच्या भाषेतलं आमच्यापर्यंत पोचत नाही. पण मला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नाही, आणि आज मला सगळं समजलं. सगळं. काहीही हरवलं नाही..." बाईंचा आवाज मऊ होता, तिनंही मऊच ठेवला, दुसरं काय करणार. "तुमच्याकडे इतके उत्तम दुभाषे आहेत. लोकांच्या मुलाखती घ्या ना त्यांच्या भाषेत. पण मग संशोधनासाठी वेगळा विभाग कशाला हवा? आजच्या भाषणानंच ते सिद्ध केलं, असं मला नम्रपणे वाटतं."

टाळ्या वाजल्या. कोणासाठी, ते कळलं नाही. अडखळायला हवं होतं का आता, निदान इथं? पण वाक्य पूर्ण आणि सुबक उतरलं, सरांच्या कानात, तिच्या आवाजात. मग ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. इतके झाले की मोजायची गरजच पडली नाही.

"ताई," जोडीदार म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही हं."

"काय सांगणार नाहीस?"

त्यानं चहाचा पेला तोंडाला लावला. बिचारा पोपट.

सभागृहाबाहेरच्या बोळात सर खिडकीपाशी उभे होते. दोन-तीन जण येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेले – काय बोललात, अंगावर काटा आला. सर प्रत्येकाला मान डोलवत होते, दुसऱ्याच्या लग्नात अहेर मिळाल्यासारखे.

"अगं," तिला बघून ते म्हणाले, "शिडीचं काय? मी शिडी म्हणालो का?"

आता सांगता आलं असतं. प्रकरण तिसरं, पहिलीच मुलाखत. तुम्ही सरकवलंत ते.

"म्हणालात की, सर."

"असेल. वय झालं. बोलतो एक आणि..." त्यांनी काचेवर बोट घासलं. "त्या पोरीच्या प्रबंधात असेल ते. कोण होती गं ती? चेहरा येतो डोळ्यांपुढे, पुढचं काही येत नाही."

ती त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती.

"मला नाही आठवत, सर."

"हुशार होती," सर म्हणाले. "सोडून गेली मध्येच. ही पोरं टिकत नाहीत." आणि छत्री बगलेत मारून, कठड्याला धरून, जिना उतरू लागले.

ती वाट बघत राहिली – राग येईल, रडू येईल, काहीतरी. हे मी त्यांच्यासाठी केलं? का त्यांना दाखवायला केलं, की बघा, मोजा आता? नदीकाठच्या त्या बायकांचं आज पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी डोळे टिपून दार लावून घेतलं होतं. मी रोजच्यासारखी, बेताचीच बोलले असते तर... सर जसे बोलले तसेच पोचले असते, रटाळ, अर्धवट, आणि बाई कदाचित म्हणाल्या असत्या, नाही बुवा, काही नीट कळलं नाही. त्या न कळण्यावर विभाग आणखी काही वर्षं तगला असता.

आणि पुन्हा हीच वेळ आली तर?

उत्तर नाही, असं म्हणून टाकणं सोपं होतं. पण उत्तर होतं. सभागृह निश्चल झालं होतं त्या क्षणाची ऊब अजून अंगात होती, आणि त्या उबेची तिला चीड येत होती – खरीखुरी चीड. फक्त चीड मागून आली होती. ऊब आधी आली होती, आणि अजून गेली नव्हती.